उभं सात आणि कबनूरचे पाहुणे

आधी चहा संपवा. कप खाली ठेवा, मगच मी तोंड उघडते. मागच्या खेपेला हा प्रकार सांगत होते तेव्हा एका बाईच्या नाकातून चहा आला, आणि माझ्या नव्या चादरीवरचा तो डाग अजून गेलेला नाही. तर माझ्या हातून असा एक घोटाळा झाला म्हणता... हातून कसला, तोंडातून! हात बिचारा कोड्यात गुंतला होता.

कोडं म्हणजे पेपरातलं शब्दकोडं. हसू नका. मी शाळा बघितली ती दुसरीपर्यंत. त्यापुढचं माझं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्यांनी केलं. साखर डब्यात आणि कागद माझ्या हातात! एकेक अक्षर लावत बसायची. आमचे हे वाण्याला सांगायचे, "जरा मोठ्या कागदात बांधत जा की रं, आमची बायको मॅट्रिक हुईल." हे गेले, मुलं मोठी झाली, आणि मी पुडीवरून सबंध पेपरावर आले. मॅट्रिक झाले नाही, पण कोडं मात्र पेनानं सोडवते. पेन्सिल लागते ती भित्र्या माणसांना.

आमच्या घरात फोन नवानवा आला होता, त्या वर्षीची ही गोष्ट. पेपरवाल्यांनी एक नवीनच टूम काढली. रोज एका विषयावरचं कोडं. कधी झाडं, कधी दागिने, कधी गड-किल्ले. ज्या दिवशी जो विषय, त्या दिवशी आमच्या घरात दुसरं बोलणं नाही. भांड्यांचा विषय होता त्या दिवशी मी माळ्यावरची सगळी पितळ खाली काढली आणि एकेका भांड्याला हात लावून नावं आठवली. सून दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पण कोडं सुटलं की नाही? सुटलं!

आणि सुटलंच पाहिजे. का? तर आमच्या घरामागच्या परड्याच्या भिंतीपलीकडे राहतात मास्तर. रिटायर हेडमास्तर. तेही कोडं सोडवतात. आधी ज्याचं होईल त्यानं भिंतीवरून ओरडायचं, असा आमचा रिवाज. दुसरी शिकलेल्या बाईपुढं हेडमास्तर हरतो, हे सुख तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कॉलेजं केलेली माणसं.

तर एका रविवारी माझ्या नातीला, वैशूला बघायला पाहुणे यायचे होते. कबनूरचे. मुलगा डिप्लोमा झालेला, घरचे यंत्रमाग. आता गंमत अशी की वैशूनं त्याला मैत्रिणीच्या लग्नात आधीच बघून ठेवलं होतं. त्यानं हिला नव्हतं बघितलं, हिनं त्याला बघितलं होतं. नीट, पोटभर. तेव्हापासून दुसरं कुठलंही स्थळ आणलं की पोरीच्या कपाळाला आठ्या. आणि योगायोग बघा, मध्यस्थानं आणलं ते नेमकं हेच स्थळ. सकाळी माझा अंबाडा घालायला बसली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, हे जर मोडलं न्हवं, तर मी परत कुणापुढं च्या घिऊन हुबी ऱ्हाणार न्हाय. सांगून ठेवते."

"मोडंल कशानं? मी हाय की!" मी म्हटलं.

"म्हणून तर सांगते," म्हणाली.

माझा मुलगा दिनकर तर त्याहून पुढचा. पेपर माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, "आई, आज कोडं न्हाय. पावणं असताना न्हाय."

"मी काय पावण्यांना कोडं घालणार हाय व्हय रं?"

"तुझं काय सांगता येत न्हाय."

आता बघा, आईचा अपमान. मी मान हलवली, तो आंघोळीला गेला, आणि मी पेपर परत काढला. रविवारचा विषय होता 'रोग आणि दुखणी'. माझ्या वयाच्या बाईला यापेक्षा सोपा विषय कुठला? भराभरा भरलं. राहिली ती दोनच घरं, म्हणजे दोनच शब्द. आडवं चार आणि उभं सात. तेवढ्यात दारात जीप थांबली. मग काय करायचं? पेपरची घडी घातली, बाजेवर टाकली आणि वर बसले. पेन अंबाड्यात खोवलं. आजी एकदम सोज्वळ!

दारात बांधलेल्या आमच्या म्हशीला वळसा घालून पाहुणे आत आले. मुलाचा बाप, आई, मामा आणि मुलगा. मुलगा देखणा, वैशूची नजर काही वाईट नाही. माझ्या पाया पडायला आला तो मात्र माझ्या पायाशी न वाकता बाजेशेजारच्या तक्क्यापाशी वाकला. तक्क्याला नमस्कार करून उठला. मला वाटलं, लाजतोय पोरगा.

मामा बोलका. बसल्या बसल्या सुरू. माग किती, सूत कुठलं, बाजारात काय चाललंय. दिनकर मान हलवतोय. मी पण हलवत होते, पण डोक्यात आडवं चार. 'जवळचे दिसते, दूरचे दिसत नाही, चार अक्षरी.' असल्याला आम्ही साधं 'डोळं गेलं' म्हणतो. पण चार अक्षरी, म्हणजे काहीतरी पुस्तकी असणार. आणि समोर कोण बसलंय? डिप्लोमा! मी ठरवलं, विचारायचं, पण कोड्याचं नाव न काढता. गप्पांच्या ओघात. दिनकरला कळायचंसुद्धा नाही. माझी हुशारी मला नेहमी अशीच नडते.

मी मुलाकडे वळले. "बाळा, तू शिकल्याला हाईस. समज, एखाद्याला जवळचं झाक दिसतंय, पण लांबचं काय बी दिसत न्हाय. असल्याला काय म्हणायचं रं?"

सुनेनं दिलेल्या पोह्यांचा चमचा त्याच्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यानं मामाकडे बघितलं. मामानं घसा खाकरला.

"आज्जी, आमच्या पोराची नजर म्हंजे घारीची बरं का! मागावरचा तुटल्याला धागा दारातनं दिसतोय त्येला!"

"न्हाय, तसं न्हवं. त्याला काहीतरी नाव असतंय की. चारच अक्षरी..."

"आई!" दिनकर ओरडला. "पावण्यांना पाणी दे."

पाणी तर आधीच दिलं होतं. पण मी गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे आडवं चार. उभं सात तर सुटतंय का बघू. 'बसू देत नाही, उठू देत नाही, चार अक्षरी.' काय असेल? मी विचार करायला लागले की माझी नजर कुठं तरी एका जागी लागते, ही सवय आहे. त्या दिवशी ती नेमकी लागली मुलाच्या बापावर. माणूस मोठा सभ्य. पण आमच्या लाकडी खुर्चीत तो काही केल्या स्वस्थ बसेना. एकदा डावीकडं कलायचा, एकदा उजवीकडं. मधेच दोन्ही हातांवर भार देऊन जरासा वर उचलायचा, पुन्हा हळूच टेकायचा. डोळे मिटायचा. मी बघतेय, बघतेय... आणि एकदम डोक्यात उजेड पडला!

"मूळव्याध!"

म्हणजे मनात नाही म्हटलं हो. मोठ्यानं! तालमीत पैलवानानं शड्डू ठोकावा तसं! मांडीवर थाप पण मारली बहुतेक.

 मुलाच्या बापाचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. खुर्चीचे हात घट्ट धरून तो म्हणाला, "कु... कुणी सांगितलं तुमास्नी?"

आता शहाण्या बाईनं इथं तरी थांबावं की नाही? पण मला त्याचं ऐकूच आलं नाही. मी बोटांवर अक्षरं मोजत होते. मू, ळ, व्या, ध. चार! "बराबर बसतंय की!" मी म्हटलं.

"कुठं बसतंय?" तो कळवळला. "आल्यापासनं वाकडाच हाय मी!"

त्याची बायको त्याच्यावर खेकसली, "म्या म्हणलं हुतं का न्हवतं, जीपमधली उशी घिऊन आत चला म्हणून? म्हणं, पावण्यांच्यात बरं दिसत न्हाय! आता बरं दिसलं?"

दिनकर माझ्याकडे असा बघत होता की मी त्याची आई आहे हे त्याला पटेना. मी सावरायला तोंड उघडणार, तेवढ्यात परड्यातून, भिंतीपलीकडून, हेडमास्तरांचा खणखणीत आवाज आला. सबंध शाळेला प्रार्थना सांगून कमावलेला आवाज.

"आक्काऽऽ! मूळव्याधच हाय बरं का! मी मघाच वळखलं!"

मामा ताडकन उठला. "म्हंजे? समद्या गल्लीला ठावं हाय?"

मुलाचा बाप उठायला गेला, त्याला उठता येईना. खाली बसायला गेला, बसता येईना. मधल्यामध्येच राहिला बिचारा.

मामानं मग टोपी काढली, पुन्हा घातली आणि दिनकरपुढं हात जोडले. "कळलं. पावणं, सगळं कळलं. तुम्ही आमची चौकशी केलीसा. त्यात तुमची काय चूक न्हाय. पोरगी द्यायची म्हंजे मागनं मान्सं लावून चौकशी करत्यातच. आम्ही बी केली. पर तुमची मान्सं लईच तयारीची निघाली. मग आता समदं आमच्या तोंडनंच ऐका."

"अवो, न्हाय वो..." दिनकर म्हणत होता. ऐकतोय कोण?

"पोराला चष्मा हाय. जाड हाय. म्या काढाय लावला. खिशात हाय त्येच्या. आज्जींनी मघा इच्यारलं तवाच म्या वळखलं, ह्यास्नी म्हाईत हाय."

मुलाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. "आणि माझं म्होरचं दोन दात बसवल्यात. ते बी कळलं असंलच. लपवून काय करायचं आता!"

अहो, मी आयुष्यात एवढी गार पडले नव्हते. मी उठून उभी राहिले. उठले, आणि बाजेवरची घडी सरकून खाली पडली. पेपर बरोबर मुलाच्या पायापाशी उलगडला.

त्याच वेळी वैशू चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिला काही माहीत नाही. मुलानं मामाकडे बघितलं, खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला. आधी वर बघितलं. वैशूकडं. बराच वेळ. मग खाली बघितलं, पेपर उचलला आणि वाचला.

"मामा," तो म्हणाला. "हे पेपरातलं कोडं हाय. उभं सात, 'बसू देत नाही, उठू देत नाही'. आडवं चार बी रिकामं हाय अजून." आणि माझ्याकडे वळून, अगदी आदबीनं, "आज्जी, लघुदृष्टी. ल, घु, दृ, ष्टी."

पोरगा लाखात एक हो. पण मामा?

"म्हंजे," मामा एकेक शब्द तोलत म्हणाला, "चौकशी केली न्हवती?"

"एक मानूस बी लावलं न्हाय वो!" दिनकर रडकुंडीला आला.

मुलाच्या आईनं पटकन तोंडावर हात धरला, दातांपुढं. बाप वाकडा वाकडा जीपकडं निघाला. चहा कुणी घेतला नाही. जीप सुरू झाली, आणि त्या बापानं उशीवर टेकता टेकता माझ्याकडं जे बघितलं, ते बघणं कुठल्याच कोड्यात बसायचं नाही.

त्यानंतरचं आमचं घर काय सांगू! वैशू माळ्याखालच्या खोलीत जाऊन बसली. दार लावून. जेवायला बोलावलं तर आतून आवाज, "आज्जीला वाढा. तिचं पोट भरलं म्हंजे झालं." दिनकर तर माझ्याशी बोलेचना. मी दारापाशी जाऊन म्हटलं, "वैशू, मी कबनूरला जाते. पाया पडते त्यांच्या."

"नको!" घरातली सगळी एकदम ओरडली. तेवढं मात्र एकमतानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. कुणी बघत नाही असं पाहून मी उत्तरं काढली. माझं नाक कापलं गेलं होतं, पण निदान कोडं तरी बरोबर आलं असेल ना? उभं सात. वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

पाठदुखी.

घ्या! त्या भल्या माणसाची चारचौघांत लाज काढली, नातीचं लग्न टांगणीला लावलं, आणि उत्तर चुकलं ते चुकलंच! मास्तर तर त्या दिवशी भिंतीकडं फिरकलेच नाहीत. पाहुणे गेल्यावर मी ते पेनानं लिहून ठेवलेलं, खोडता पण येईना.

मग बरेच दिवस उलटले. कबनूरहून हूं नाही की चूं नाही. पोरगी वाळायला लागली. मी पेपर बंद केला. खरंच बंद केला. आलेला पेपर घडी न मोडता सुनेच्या हातात द्यायची. माझ्यासारखीनं ही शिक्षा स्वतःला करून घेतली, यातच काय ते ओळखा.

आणि एका संध्याकाळी फोन वाजला. दिनकरनं उचलला. "कबनूरहून!" म्हणाला, आणि सगळं घर फोनाभोवती. वैशू पण दार उघडून आली. पलीकडं मुलाची आई. बाईचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"पोरगी पसंत हाय," ती म्हणाली. "पोरगं हटूनच बसलंय. म्हणतंय, चष्मा लावल्यावर पयली तीच दिसली, आता दुसरी बघायची न्हाय."

वैशूनं तोंड ओढणीत लपवलं. दिनकरचे डोळे भरले.

"आमचं मागणं काय न्हाय," पलीकडून आवाज आला. "दागिना नको, भांडं नको. पर एक अट हाय."

दिनकर सावरून बसला. "बोला की."

"लगीन झाल्याव नवरीसंगं पाठराखीण कोण यायची?"

आता आमच्यात नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत घरातली एक जाणती बाई जाते, चार दिवस राहते, पोरीला रुळवून परत येते. हा मान आजीचा. मी मान ताठ केली. दिनकर म्हणाला, "आज्जीच येत्या आमच्यात."

 पलीकडं त्या बाईनं मोठा श्वास घेतलेला सुद्धा ऐकू आला.

"तेवढी आज्जी नको. चुलती धाडा, आत्या धाडा, शेजारीण धाडा. कोणच न्हाय गावलं, तर तुमची म्हस धाडा. आम्ही म्हशीचं समदं करू."

मी दिनकरकडं बघितलं. माझ्या पोटचा गोळा. त्याच्यासाठी मी किती भांडले, कुणाकुणाशी भांडले! आता आईच्या मानासाठी हा दोन शब्द तरी बोलेल. बोलला. लगेच बोलला. श्वाससुद्धा घेतला नाही.

"एवढंच न्हवं?" म्हणाला. "म्हस धाडतो!"