पुठ्ठ्याची दांडी

आम्ही त्याला पेंटर म्हणतो. खरं तर तो आमच्या कापड कारखान्यात घडी खात्यात आहे. गठ्ठ्यांवर साच्यानं नंबर मारतो, एवढाच त्याचा रंगाशी संबंध. पण अक्षर सुरेख, म्हणून मोर्चा ठरला की बोर्ड यानंच लिहायचे.

बोर्डाची दांडी म्हणजे कापडाचं थान गुंडाळतात ती पुठ्ठ्याची रिकामी नळी. लाकूड कधीच नाही. मी चिडवायचो, "अरे, हा काय पोरखेळ?" तो म्हणायचा, "राग सगळ्यांनाच येतो रे. मारलंच कुणी, तर नळी मोडेल, डोकं नाही. बोलायचा हक्क आपला आहे. एक टोला मारला की तो काढून घ्यायला त्यांना निमित्त मिळतं." अकरा वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला, शंभरदा तरी हे ऐकलं असेल. ऐकलं म्हणजे कानावर पडलं, बस्स.

दोन वर्षांपूर्वी बॉयलरची वाफ फुटली आणि आमचा एक फिटर भाजून गेला. मालक म्हणाले, त्याचीच चूक. आम्हाला बाहेरच्या माणसाकडून तपासणी हवी होती. रीतसर परवानगी काढली, पेंटरनं चाळीस बोर्ड लिहिले आणि आदल्या दिवशी माझ्या ताब्यात दिले. मी अतिशहाणा, ते धुलाईच्या हौदाशेजारी उभे करून ठेवले. सकाळी बघतो तर नळ्या भिजून लिबलिबीत! पेंटर तिकडे माणसं गोळा करत होता. त्याला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. खोक्यांच्या लाकडी पट्ट्या उपटल्या, बोर्ड त्यांना ठोकले आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली. पेंटरनं पाहिलं तेव्हा मोर्चा निघाला होता. "पट्ट्या खाली टाका!" म्हणून तो ओरडत होता, पण घोषणांत ऐकतंय कोण?

फाटकाशी रेटारेटी झाली. वॉचमन साखळी सोडेना. पेंटरचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ, आधीच तापट. त्यानं पट्टी फिरवली. पट्टीला खिळा होता, मी ठोकलेला. वॉचमनचा डावा डोळा गेला.

संध्याकाळी सगळ्यांचं ठरलं, वॉचमन पाय घसरून पडला असं सांगायचं. पोलिसांसमोर आम्ही सगळे मूग गिळून बसलो. पेंटर एकटा उठला. "पडला नाही. माझ्या मेहुण्यानं मारलं, मी पाहिलं." पट्ट्या कुठून आल्या, विचारल्यावर म्हणाला, "बोर्ड माझे. मी तपासायला हवे होते." माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मग काय! मेहुणा आठ महिने आत. मोर्चाची परवानगी बंद. बॉयलर तसाच. आणि सगळा राग पेंटरवर. फितूर काय, घरभेद्या काय! बायको भावजयीच्या सोबतीला म्हणून गेली, ती गेलीच. टपरीवर तो आला की बाक रिकामा व्हायचा. आणि मी? मीही डबा उचलून दुसरीकडे बसायला लागलो. खाई त्याला खवखवे. त्याच्यासमोर घास उतरत नव्हता. लोकांना वाटलं, मीही रागावलोय. मी वाटू दिलं. लाज वाटते सांगताना.

एकदा रजेचा कागद द्यायला त्याच्या खोलीवर गेलो होतो. मोरीजवळ एक ताट, एक वाटी पालथी घातलेली. दाराशी बायकोच्या चपला, पुसून ठेवलेल्या. "बस की," तो म्हणाला. मी घाई आहे म्हणून पळालो. कसली घाई होती मला!

मोर्चाला परवानगी लागते, एकट्या माणसाला लागत नाही. दर शनिवारी पाळी सुटली की तो फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे तासभर उभा राहतो. बोर्डावर दोनच शब्द, 'बॉयलर तपासा'. दांडी पुठ्ठ्याची. आम्ही माना खाली घालून निघून जातो. तोच वॉचमन केबिनमधून बघत बसतो.

गेल्या शनिवारी बॉयलर पुन्हा शिट्टीसारखा वाजला. सगळे बाहेर पळाले, सुदैवानं काही झालं नाही. पाळी सुटल्यावर माझे पाय घराकडे वळेनात. मी रस्ता ओलांडला.

"पट्ट्या मी ठोकल्या होत्या," मी म्हणालो.

"माहीत आहे. हौदापाशी पडलेल्या नळ्या मीच उचलल्या."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"मेहुण्याला मारताना पाहिलं, ते सांगितलं. तुला ठोकताना पाहिलं नव्हतं. वाटायचं, येशील. डब्याच्या सुट्टीत रोज वाटायचं."

मी बोर्डाकडे हात पुढे केला. "दे, थोडा वेळ मी धरतो."

त्यानं दिला नाही. "आधी वॉचमनला सांग. नाहीतर त्याला वाटेल, पुन्हा तेच लोक जमायला लागले."

केबिन वीस पावलांवर होती. मी निघालो. मला सरळ आपल्याकडे येताना पाहून वॉचमन उठला, मागे सरकला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं उरलेल्या डोळ्यावर हात धरला.

मी जागीच थांबलो. दोन्ही हात उघडे करून त्याला दाखवले आणि तिथूनच सांगायला लागलो.