इंग्रजी सिनेमातला आमचा काका

बाबा गेले त्या दिवशी आईने टीव्हीवर टॉवेल टाकला. तेरावं झालं, पाहुणे गेले, टॉवेल राहिला. आई दोनच शब्द बोलू लागली. जेवणाचं विचारलं की ‘ठेव’ आणि डॉक्टरांचं विचारलं की ‘नको’. (दोन्ही प्रश्न एकदम विचारले तर तिसरा शब्द निघेल म्हणून तेही करून पाहिलं. ती उठून आत गेली.)

शेजारच्या जुबेदाचाची रोज येऊन तिच्याजवळ बसायच्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाबू, काय तरी कर. वैनी अशीच बसून ऱ्हायली तर एक दिस उठायचीच नाय. आमचा व्हीसीआर आणते. तू नाचगाण्याचा पिच्चर आण.”

मी कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस. नाचगाणं कसं आणणार? मी एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरचा सिनेमा आणायचं ठरवलं. महाडच्या आमच्या व्हिडिओ पार्लरमध्ये एमआयडीसीतल्या शिफ्टवाल्यांसाठी मारामारीच्या कॅसेटी भरलेल्या असत. पार्लरवाल्या सुभाषने सगळ्यात खालच्या फळीवरून मला हवं ते कव्हर काढून दिलं. धूळसुद्धा फुंकून दिली!

रविवारी दुपारी टॉवेल बाजूला केला. आई भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसली. व्हीसीआर चाचींच्या मुलाने कुवेतहून पाठवलेला, पण त्याचं कॅसेट मागे न्यायचं बटण अडकलेलं. सिनेमा मधूनच सुरू झाला.

“हरकत नाही,” मी म्हणालो. “कादंबरी मला पाठ आहे. ही मुलगी अनाथ. तो उंच टोपीवाला तिचा दुष्ट काका. आणि काळ्या डगल्यातला पाद्री, त्याचं हिच्यावर मनातून प्रेम.”

संवाद मला एकही कळत नव्हता. एम.ए. मी पुस्तकं वाचून झालो होतो. त्या इंग्रजीला आवाज असतो हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं!

पडद्यावर काका गुडघ्यावर बसला.

“ह्यो काय करतो?” चाची.

“माफी मागतोय.”

“आंगठी देऊन?”

“त्यांच्यात तशी पद्धत असते.”

तेवढ्यात काकाने पुतणीचं चुंबन घेतलं. मी मोठ्याने खोकलो.

“ही बी पद्धत काय रे?”

आणि भिंतीकडून आवाज आला, “अरे, पण तो काका आहे ना तिचा?”

आई बोलली! अख्खं वाक्य! तोंड टीव्हीकडे! आता ‘मला कळत नाही’ म्हणालो असतो तर ती उठून आत गेली असती. मी म्हणालो, “लांबचा काका आहे.”

“लांबचा म्हणजे कोणाकडून?” आई पुढे सरकली.

“आईच्या... मावसभावाचा साडू.”

“मग तो काका कसा?”

मी पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर दोघं चर्चमध्ये शिरली आणि लग्न लावायला उभा कोण, तर पाद्री! चाचींच्या डोळ्यांत पाणी आलं. “बिचारा गो! सोताच्या हातानं लावून देतो.” आईने त्यांना डोळे पुसायला पदर दिला. आणि पुढच्याच क्षणाला समोर समुद्र. जहाजं. तोफा! माझ्या कादंबरीत समुद्र सोडाच, साधी विहीरसुद्धा नव्हती.

“हे काय?” दोघी एकदम.

“सासर लांब आहे,” मी म्हणालो.

तेवढ्यात सुभाष धापा टाकत दारात. “सर, घोटाळा झाला! तुमची कॅसेट सव गावच्या गिऱ्हाइकाला गेली, त्यांची तुमच्याकडे आली. त्यांना लढाई हवी होती, त्यांच्या घरी सगळे झोपले! हा आरमाराचा पिच्चर आहे.”

“आणि तो काका?” मी क्षीण आवाजात विचारलं.

“काका कुठला, सर? तो कप्तान. हिरो आहे तो!”

मी आईकडे पाहिलं. आता ती उठणार.

“सुभाष, खाली बस बघू,” आई म्हणाली. “डोकं मध्ये येतंय. काका बुडतोय.”

“बुडू दे मेल्याला!” चाची कडाडल्या. “पुतणीशी लगीन लावतो!”

“असं नको गं बोलू, जुबेदा. मनाने वाईट नव्हता तो.”

“वैनी, तुमी त्याची बाजू घेऊ नका!”

“आई, तो काका नाहीच आहे,” मी म्हणालो.

“तू गप्प बस. तुला काही कळत नाही. चहा टाक.”

मी आत गेलो. चहात साखर घातली की नाही हे मला आठवेना, कारण बाहेर आई भांडत होती.

आता दर रविवारी दोघी इंग्रजी सिनेमा लावतात. आवाज बंद ठेवतात, गोष्ट त्या स्वतः सांगतात. बाबांच्या खुर्चीत कोणी बसत नाही. माझ्यासाठी जागा आहे ती स्वयंपाकघराच्या दारात, हातात ट्रे घेऊन, आणि तिथून बोलायला मनाई आहे.