न येणाऱ्या मुलाचे पेढे

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शिकायला लागलो. कोथरूडमध्ये तेव्हा हे फारच बोकाळलं होतं. निम्म्या घरांतली मुलं संगणकाच्या जोरावर अमेरिकेत गेलेली आणि मागे राहिलेले आईबाप सोसायटीच्या हॉलमध्ये वही-पेन घेऊन बसलेले. मोडी लिपी झाली, सुगम संगीत झालं (माझा आवाज ऐकून मला टाळ वाजवायला बसवलं होतं), आणि मग 'अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास' आला. वर्ग तुडुंब भरला. नातवंडं सांभाळायला कधी ना कधी तिकडे जायचंच आहे, तर थोडी तयारी असावी, असा प्रत्येकाचा हिशेब.

शिकवायला एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. गोऱ्यांचे नळ वेगळे, बाकं वेगळी, काळ्यांनी बसमध्ये मागे बसायचं, हे त्या मन लावून सांगत आणि आमचा वर्ग असा चुकचुकायचा, की त्यांना थांबावं लागे. सगळ्यात मोठ्याने मी चुकचुकायचो. एकदा तर मी उभा राहून म्हणालो, की असल्या समाजाला सुसंस्कृत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टाळ्या पडल्या. त्या मला बरेच दिवस पुरल्या.

माझ्या शेजारी महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी बसत. येरवड्याहून दोन बस बदलून यायचे. बोलणं मोजकं, अक्षर देखणं. माझ्या वहीतल्या चुका तेच दुरुस्त करत. हजेरी नुसत्या पहिल्या नावाने व्हायची, अमेरिकन पद्धत, त्यामुळे कुणाचं आडनाव कळायची सोय नव्हती. त्यांची मुलगी हिंजवडीला आयटी कंपनीत लागली होती आणि येरवड्याहून रोजची ये-जा तिला झेपत नव्हती. आमच्या मुलाने अमेरिकेतून पैसे पाठवून घेतलेला फ्लॅट आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, रिकामा होता. मी म्हणालो, "अहो, शोधता कशाला? आमचा आहे की."

रविवारी बापलेक आले. हिने पोहे केले. मुलीला फ्लॅट आवडला, चावी कधी द्यायची तेही ठरलं. निघताना मुलीचं लक्ष आमच्या शोकेसकडे गेलं. तिथे हिने थायलंडच्या सहलीत घेतलेली बुद्धाची मूर्ती होती, टीव्हीचा रिमोट आणि माझ्या चष्म्याचं घर यांच्या मधोमध. मुलीने चष्म्याचं घर अलगद बाजूला सरकवलं आणि दोघांनी हात जोडले. आमच्या घरात त्या मूर्तीला नमस्कार करणारी ती पहिलीच माणसं.

दार लागल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं. "तरी म्हणत होते, आडनाव विचारून घ्या."

मी वाद घालायला हवा होता. वही तर मुद्द्यांनी भरलेली होती. पण मी म्हणालो, की सोसायटीतल्या लोकांचाही विचार करायला हवा. संध्याकाळी मुलीच्या वडिलांना फोन करून सांगितलं, की मुलगा अमेरिका सोडून कायमचा परत येतोय, फ्लॅट त्याला लागेल. "वा, आनंदाची बातमी," ते म्हणाले.

पुढच्या तासाला बाईंनी नेमका घरांचा विषय घेतला. जाहिरात वाचून कृष्णवर्णीय कुटुंब घर बघायला जाई आणि मालक त्यांना पाहून म्हणे, आत्ताच दिलं. वर्ग चुकचुकला. मी वहीत डोकं घातलं होतं. आज तुम्ही गप्प कसे, असं बाईंनी मला विचारलं, तेव्हा शेजारचे उभे राहिले.

"त्यांचं लक्ष नसणारच, बाई. त्यांचा मुलगा कायमचा परत येतोय."

परत आलेलं मूल आमच्या वर्गात कुणीच पाहिलेलं नव्हतं. सगळे माझ्याभोवती जमले. मागच्या बाकावरच्या एक बाई तर डोळे पुसायला लागल्या. पेढ्यांची मागणी झाली आणि पुढच्या आठवड्यात मी खरोखरच पेढे घेऊन गेलो. दुसरं काय करणार?

शेजारी बसणाऱ्या अधिकाऱ्यांनी अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला मुलीसाठी कागदात बांधला. तिला कर्वेनगरला जागा मिळाली होती, कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाचं अजून तसं नक्की नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"नाही, नाही. मोकळाच ठेवा आपण फ्लॅट," ते म्हणाले. "येईल तो."

मुलाने त्यानंतर तिकडेच घर घेतलं. फ्लॅट मात्र मला कुणाला देता आला नाही. दिला असता तर साऱ्या वर्गाने जाब विचारला असता. दर रविवारी मी वर जातो, खिडक्या उघडतो, केर काढतो. ही अधूनमधून म्हणते, चांगलासा भाडेकरू बघू या का?

मी म्हणतो, "मुलगा येणार आहे ना?"