कारभारणीचं खरं वय

एकाहत्तरच्या जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं, तेव्हा मी काष्टीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत होतो. तिथं एका घरात साठी ओलांडलेलं जोडपं राहायचं. वय विचारल्यावर आजीबाईंनी उलट मलाच विचारलं,

"गुरुजी, हे कुणाला कळंल?"

"कुणालाच नाही. बाहेर फोडलं तर मलाच शिक्षा होईल."

त्यांनी नवऱ्याला बैलांना पाणी पाजायला पिटाळलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी ह्यांच्यापरास दोन वर्सांनी मोठी हाय. लग्न ठरवताना वडलांनी लपवलं. तवापासनं जिवाला घोर हाय."

मी खरं वय लिहून घेतलं. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

निघालो, तर आजोबा गोठ्यापाशी थांबलेले. "वय खरं सांगितलं का तिनं?"

"ते मला सांगता येत नाही, आजोबा."

"नका सांगू," ते हसले. "मला लग्नाआधीच म्हाईत हुतं. तिचा मामाच बोलून गेल्ता. पर पोरगी लई आवडली हुती. मला ठावं हाय हे तिला मातुर कळू देऊ नका. लाजंल बिचारी."

सरकारचा कायदा आजीबाईंच्या गुपितापुरता होता. आजोबांचं गुपित मी माझ्या जबाबदारीवर ठेवून घेतलं.

तेवढ्यात आजीबाई दारात आल्या. "काय म्हणत हुते हो हे?"

"बैल थकलेत म्हणत होते," मी म्हणालो.

आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितो. नावं मात्र आजही सांगणार नाही.