वेल्डरकाकांच्या हातातला लायटर

घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायका त्यांच्यातल्याच एकीला 'तोफ' म्हणत. आवाजच तसा होता. ती जिन्यात बोलली की वरच्या मजल्यावरचे दार उघडून बघत. काम मात्र चोख. म्हणूनच नवा नियम आला तेव्हा तिचा पारा चढला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळायचं तर प्रशिक्षण घ्या, नाहीतर काम बंद. उभा जन्म हेच केलं, आता मला शिकवणार कोण, असं सगळ्यांना ऐकवत ती वर्गात गेली आणि शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसली.

शिकवणारी नर्स तिच्या लेकीच्या वयाची. तिने तोफेलाच पुढे बोलावून खुर्चीत बसवलं. कानांत कापूस, डोळ्यांवर धुरकट चष्मा, हातांत जाड मोजे. मग कुणीतरी मागून येऊन चमचा थेट तिच्या तोंडात कोंबला. तोफेने फटक्यासरशी तो उडवला. वर्ग हसला, तीही हसली. पण घरी जाताना तिचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. ती सांभाळायची ते वेल्डरकाका चमचा उडवायचे तेव्हा ती त्यांना हट्टी म्हणायची.

हे काका जन्मभर जहाजांचे पत्रे जोडत आलेले. आता मुलाला भाऊ समजत, सुनेला तर ओळखतच नसत. मुलगा-सून कामावर गेले की घरात काका आणि तोफ, दोघंच.

त्या सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालून आत आली आणि नाकाला गॅसचा वास झोंबला. स्वयंपाकघराची खिडकी बंद. शेगडीची बटणं उघडी, आणि काका पाठमोरे उभे, हातात लायटर.

"काका, सोडा ते!" तोफ कडाडली.

काका दचकून वळले. लायटर छातीशी घट्ट, अंगठा खटक्यावर. "कोण तू? माझी हत्यारं चोरायला आलीस?"

एरवी तिने झडपच घातली असती. पण झटापटीत खटका दाबला गेला तर दोघांचाही कोळसा. हिसकायचं नाही, वाद घालायचा नाही, माणूस जिथे आहे तिथे आपण जायचं. वर्गात जांभया देत ऐकलेलं आठवलं. दोन्ही रिकामे हात दिसतील अशी ती समोर उभी राहिली आणि आवाज खाली आणून बोलली.

"चोर नाही हो, उस्ताद. मदतीला पाठवलंय मला."

"उशीर केलास. जोड अर्धा राहिलाय."

"करू की पुरा. पण तुमची डोळ्यांवरची काळी काच कुठंय? काचेशिवाय ठिणगी पाडणार?"

काकांनी कपाळ चाचपलं. चेहरा ओशाळला. "कुठं ठेवली बरं?"

"बाहेर राहिली असेल. तुम्ही बघा, हे मी धरते."

तिने तळहात पुढे केला, पाऊल मात्र टाकलं नाही. काका त्या तळहाताकडे बघत राहिले. अंगठा हलेना. तिने हात तसाच पुढे ठेवला. शेवटी लायटर अलगद तिच्या हातात आला.

शेगडी बंद करून, खिडकी उघडून, दिव्याच्या बटणाला हात न लावता तिने त्यांना गॅलरीत नेलं. ते ओल्या चादरींआड काच शोधत राहिले. ती कठड्याला धरून उभी राहिली.

पुढच्या वर्गात तिने हे सगळं रंगवून सांगितलं. बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. नर्सने मात्र विचारलं, "सिलिंडरचा रेग्युलेटर चालू का होता?"

तोफ भडकली. "माणूस वाचला ते दिसत नाही?"

"दिसतं ना. पण दर वेळी तुम्हाला काच आठवेल?"

रागाने ती वर्ग संपायच्या आतच उठून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र सिलिंडरच्या कपाटाला कुलूप हवं म्हणून काकांच्या मुलामागे लागली. घराचा तुरुंग करायचा का, म्हणून तो चिडला, दोघांची जुंपली, पण कुलूप लागलं.

काका अजून त्याच घरात आहेत. कधी ती त्यांची मदतनीस असते, कधी चोर. चोर ठरली की वाद न घालता बाहेर जाते, थोडी थांबते आणि दारावर टकटक करून नव्याने आत येते. बहुतेक वेळा ते "ये" म्हणतात.