मंडईच्या लाइव्हमधला दादाचा आवाज

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा माणूस बोलायच्या आधी मान वर करतो. तोंडातलं सांडू नये म्हणून. दादाला भेटायला येणारी निम्मी माणसं अशी आढ्याकडे बघत त्याची विचारपूस करायची. "काऊन गा, बरा हायेस ना?" असं घशातल्या घशात गुळगुळायचं, मग अंगणात जाऊन तुळशीच्या मागे पचकन थुंकायचं आणि परत येऊन खुर्चीवर बसायचं. आणि हे कोणाच्या घरी, तर खर्र्यापायी ज्याचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं त्याच्या घरी. मला शिसारी यायची. लिहितानाही येते आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तिरोड्याकडच्या आमच्या गावात त्याची धानाची शेती, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की दंडारीतला, आमच्याकडच्या लोकनाट्यातला, मुख्य गाणारा तोच. ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहिलं आणि आवाज कायमचा गेला. आता तो हाताने सांगतो, नाहीतर काहीच सांगत नाही.

माझं गोंदियात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. मंडईचं लाइव्ह दरवर्षी मीच करायची, माझ्याच मोबाईलवरून, मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या पेजवर. एक दिवस त्या पेजवर सूचना आली: जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग यापुढे ठेवली जाणार नाहीत, मुदतीच्या आत उतरवून घ्या, नंतर पुसली जातील. इतकी वर्षं गोड बोलून माणसांना सगळं तिथेच ठेवायला लावायचं आणि मग एका ओळीत घर खाली करायला सांगायचं. वर शेवटी 'आमच्यासोबत असल्याबद्दल धन्यवाद'. निर्लज्जपणाला काही सुमार!

दादाचा आवाज त्या रेकॉर्डिंगशिवाय कुठेही नव्हता. म्हणून मी ठरवलं, सगळी उतरवायची आणि दुसऱ्या व्हिडिओच्या साइटवर चढवून ठेवायची. वहिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "गाणे तं साऱ्या गावानं आयकले बाई. यायचं बोलनं कोठी भेटते काय, ते पाहा. साधं बोलनं." 'यायचं' म्हणजे यांचं, दादाचं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ते काम करत बसायची. कॉम्प्युटर जुना, जागा कमी. म्हणून एक रेकॉर्डिंग उतरवायचं, चढवायचं, कॉम्प्युटरवरून पुसायचं आणि पुढचं घ्यायचं. चढत असताना मध्येमध्ये बघायची. बघवत नव्हतं. गणाला सुरुवात झाली की मंडळाचे अध्यक्ष मोबाईलसमोर येऊन उभे, आणि पुढचं सगळं गाणं त्यांच्या पाठीचं चित्र. एक गृहस्थ तर दंडार रंगात आलेली असताना मंडपाच्या खांबावर पिचकारी मारून तिथेच टेकून उभे राहिले. खाली लोकांनी लिहिलेलं वाचलं तर 'बुड्ढे लोग को हटाओ, डीजे लगाओ'. दादाचं गाणं संपायच्या आत डीजेवाला फिल्मी गाणं दडपायचाच.

त्या डीजेने इथेही घात केला. नव्या साइटच्या यंत्राने फिल्मी गाणी ओळखली आणि मालकी दुसऱ्याची म्हणून त्या त्या भागाचा आवाज बंद केला. दादाचा सूर त्या गाण्यात मिसळलेला, म्हणून तोही बंद. दादा कानावर हात ठेवून तोंड उघडतो आहे, मागचे झीलकरी मान हलवताहेत, टाळ वाजतो आहे आणि आवाज काहीच नाही. दादाच्या घरी गेले की जे बघत होते तेच पडद्यावर. मी साइटकडे तक्रार केली. 'तुमचं म्हणणं तपासलं, निर्णय कायम आहे,' असं उत्तर इतक्या झटपट आलं की कोणी तपासलं नव्हतं हे शेंबड्या पोरालाही कळावं.

एक रेकॉर्डिंग मात्र त्यांनी अख्खंच काढून टाकलं. कारण दिलं होतं: तंबाखूच्या विक्रीला उत्तेजन. मी जुन्या पेजवर जाऊन ते उघडलं.

मंडईतच लाइट गेली होती. डीजे मेला होता, माणसं जरा गप्प झाली होती. आमच्याकडे कोणी बक्षीस दिलं की गाणाऱ्यानेच त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, अशी रीत आहे. बसस्टॉपवरच्या खर्रेवाल्याने बक्षीस दिलं होतं. दादा मोबाईलच्या अगदी जवळ आला आणि माईकशिवाय, नेहमीच्या आवाजात बोलला, "मंडळी, आपल्या बसस्टॉपवाल्या शेठनं बक्षीस देल्लं हाये. तेचा खर्रा तोंडात गेल्याबिगर माहा गरा उघडत नाई. आता उघडला हाये, आयका." सगळे हसले. त्याचा 'गरा', म्हणजे गळा, मी दवाखान्यात उघडा पाहिला होता. त्या यंत्राचं मला पहिल्यांदाच पटलं. गेलं ते बरंच झालं, असं मी मोठ्याने म्हणाले.

वहिनीलाही फोनवर तसंच सांगितलं. तिने विचारलं, "काय होतं तेच्यात?" मी शब्द न् शब्द सांगितला, चिडून सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे हे बोलले हायेत तेच्यात. मले पाठवा बाई ते."

"वहिनी, अहो, त्या खर्र्याची जाहिरात आहे ती!"

"असू द्या. आवाज तं यायचाच हाये ना?"

मुदत संपत आली होती. मी ते परत उतरवलं आणि नाक मुरडतच तिच्या मोबाईलवर पाठवलं. तिने किती वेळा ऐकलं असेल ते मी विचारलं नाही. आनंदाच्या भरात तिने ते घरच्या ग्रुपवर टाकलं, तिथून कोणीतरी गावच्या ग्रुपवर.

पुढच्या महिन्यात दादाला तपासणीला न्यायचं होतं. मी त्याला आणि वहिनीला घ्यायला ऑटो घेऊन गावी गेले. परत निघालो तर बसस्टॉपवर समोर बस आडवी, म्हणून ऑटो थांबला. खर्रेवाल्याच्या ठेल्यावर नवा स्पीकर टांगलेला होता, आणि त्यातून दादा बोलत होता. "तेचा खर्रा तोंडात गेल्याबिगर माहा गरा उघडत नाई." माणसं हसत होती. शेठ प्लॅस्टिकच्या पन्नीतला खर्रा घोटत होता, एकजण हात पुढे करून उभा होता. संपलं की शेठ परत लावायचा. दादाने गळ्यावरचा रुमाल वर ओढला आणि दुसऱ्या बाजूला तोंड केलं.

माझं डोकं फिरलं. तो स्पीकर उपटून नालीत टाकायचा म्हणून मी ऑटोतून उतरलेच. एक पाय खाली टेकला होता, तेवढ्यात वहिनीने मागून माझा पदर धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्पीकरकडे बघत होती.

"थांबा बाई," ती म्हणाली. "पुरं होऊ द्या."