खाडीकाठचं तळं

मी कामाला होतो त्या कंपनीला टाळं लागलं त्या वर्षी मी घरामागं तळं खणायला घेतलं. आमचं घर कळव्याला, खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत. बाबांनी सगळी उमर खाडीत जाळं टाकलेलं. पण मासळीला रॉकेलचा वास यायला लागला आणि त्यांची होडी काठावर पालथी पडली ती पडलीच. घरात आम्ही दोघं पुरुष रिकामे, आणि आई बाजारात दुसऱ्यांची मासळी विकत बसायची.

ठाण्यातला एक फिशटँकवाला म्हणाला, गोल्डफिशची पिल्लं वाढव, मी घेतो. हे ऐकून बाबा भडकले. "जो मासा खायचा नाय, तो पालायचा कनाला?"

पण जागा त्यांनीच दाखवली. मला चिंचेजवळचा उंचवटा हवा होता. "तिथं मुल्या हायेत झाडाच्या, प्लास्टिक फाटंल. हितं खण. हितवर खाडी कवाच आली नाय, उधानाची बी नाय."

गुडघाभर खड्डा खणला. टोचणारा प्रत्येक खडा वेचून काढला, तळाशी वाळू पसरली, वर जुनी गोणपाटं आणि त्यावर जाड काळं प्लास्टिक. कडा विटांखाली दाबल्या. नळाचं पाणी भरून ते चांगलं शिळं होऊ दिलं, मग फिशटँकवाल्यानं दिलेली, शेवाळाला चिकटलेली अंडी सोडली. पिल्लं निघाली तेव्हा नुसते डोळ्यांचे ठिपके दिसायचे. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून मी त्यांना घालायचो. खंड्या पक्षी येऊन टपायला लागला, तेव्हा बाबांनी जुन्या जाळ्याचा तुकडा सांधून वर ताणला. पुढं पुढं सकाळी माझ्याआधी तेच तिथं उकिडवे बसलेले असायचे. "मोठा लहान्याला खातंय रं, येगला काढ त्याला."

पिल्लांवर नुकता केशरी रंग चढत होता. श्रावणातल्या उधाणाच्या दुपारी आई ओरडत आली, "पानी गल्लीत आलंय!"

आम्ही मातीच्या गोणी लावल्या. पाणी गटारातून, मागच्या बाजूनं शिरलं. काळं, फेसाळ, खारं. जमिनीखालून चढलेल्या पाण्यानं प्लास्टिक फुगून वर आलं, आणि पिल्लं विटांवरून वाहायला लागली. मी चहाच्या गाळणीनं हाताला लागतील तेवढी हंड्यात भरली. संध्याकाळपर्यंत तीही मरून उलटी तरंगायला लागली. बाबा कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याचं टोक धरून नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते काठानं लांबवर चालत गेले. परत आल्यावर म्हणाले, "पल्याड डंपरनी भराव टाकलाय. खाडीला जागाच ठेवली नाय."

"मग त्यात तुमची काय चूक?" आई म्हणाली.

"चूक कोन इचारतंय? मी बोललो व्हतो, येनार नाय."

त्यानंतर शेजारचे भरतीची वेळ विचारायला यायचे, तर ते म्हणायचे, "मला नको इचारू." तिथीवरून क्षणात सांगणारा माणूस. मला ते ऐकवत नसे. मी समजूत घालायला गेलो की ते उठून जायचे.

पुढच्या वर्षी मी टिटवाळ्याला मावशीच्या परसात नवं तळं केलं. ते चाललं. आई एकदा येऊन पदर खोचून पिल्लं बघत बसली. बाबांना मी दरवेळी बोलवायचो. "बघू," म्हणायचे. शेवटपर्यंत आले नाहीत.